भाकरीच्या माहेरी

नैरोबीहून परत आल्यापासून आमच्या घरी एक नवाच रिवाज पडला आहे. कोणाची मुलगी, कोणाचा भाचा, कोणाचा नातू पूर्व आफ्रिकेत नोकरीस लागला, की ती मंडळी काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे येतात, चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलतात आणि मग हळूच विचारतात, "तिकडे जायचं म्हणजे काय काय करावं लागतं हो?" प्रत्येकीस तेच तेच सांगण्याचा मला कंटाळा नाही. परंतु सांगताना दर वेळी काहीतरी राहून जाते, आणि जे राहून जाते तेच नेमके महत्त्वाचे असते, हा धडा आमच्या घराने फार महागात घेतला आहे. तो कसा, ते पुढे येईलच. यास्तव एकदा सर्व क्रमाने लिहूनच काढावे असे ठरविले.

आम्ही अंबाजोगाईची माणसे. आमच्या बीड जिल्ह्यास परमुलूख नवा नाही. दर वर्षी दिवाळी सरत आली की लक्षावधी माणसे संसार पाठीवर घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. परंतु आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून दूर जाणे म्हणजे शिक्षणासाठी पुणे, नोकरीसाठी मुंबई आणि म्हातारपणी काशी, इतकेच. अशा घरातील मुलगी लग्नानंतर जावयांच्या नोकरीपायी नैरोबीस गेली, आणि दोन वर्षांनी तिला दिवस गेल्याचे वर्तमान आले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे ही आपली रीत. तिला तर प्रवास करू नये असे तेथील डॉक्टरांनी बजावलेले. घरात चार दिवस विचारविनिमय चालला. अखेर शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंनीच निकाल दिला. म्हणाल्या, "लेकीला माहेरी येता येत नसेल, तर माहेरानं लेकीकडे जावं. घर मी आणि थोरली बघतो." थोरल्या जाऊबाईंनी त्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेचा काढून आपल्या कमरेस खोवला, आणि आमचे जाणे ठरले. यजमान नुकतेच निवृत्त झाले होते. तेही बरोबर निघाले.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने शिल्लक असावी. केनियाने २०२४ सालच्या जानेवारीपासून पूर्वीचा व्हिसा बंद करून त्याऐवजी प्रवासाची आगाऊ परवानगी घेण्याची पद्धत सुरू केली आहे. ती घरबसल्या संगणकावरून मिळते. जाण्यायेण्याचे तिकीट, राहण्याचा पत्ता, पासपोर्टाचे चित्र आणि स्वतःचे छायाचित्र एवढे जवळ असले म्हणजे झाले. शुल्क तीस डॉलरच्या आसपास पडते. मात्र सरकारच्या खऱ्या संकेतस्थळासारखीच दिसणारी दलालांची संकेतस्थळे पुष्कळ आहेत व ती दुप्पट तिप्पट पैसे उकळतात. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी पत्ता दोनदा वाचावा. प्रवासाच्या आदल्या दिवशी अर्ज करण्याचे धाडस करू नये. शेजारच्या टांझानियात जावयाचे असेल तर तेथील व्हिसा निराळा काढावा लागतो, आणि झांझिबारच्या बेटावर जाणाऱ्यास २०२४ च्या ऑक्टोबरपासून तेथील विमाही सक्तीचा झाला आहे.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लशीची. याबाबत लोकांची समजूत बहुधा उलटी असते. ही लस आफ्रिकेतले लोक मागतात असे आपण समजतो. वस्तुतः भारतातून थेट केनियास जाताना तिची विचारपूस फारशी होत नाही; ती होते परत येताना, आणि ती करतात आपलेच लोक. कारण असे की पीतज्वर आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत आहे, आपल्याकडे मुळीच नाही. परंतु तो पसरविणारा डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्याकडे घरोघर आहे. एक रोगी आला तर केवढा अनर्थ होईल, या भीतीने सरकार फार कडक असते. लशीचा दाखला नसेल तर मुंबईस उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत निराळे ठेवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावयास हवी. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. ती गावच्या दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने नेमलेल्या ठिकाणीच मिळते व तेथे आधी दिवस ठरवून जावे लागते. आम्हांस त्यासाठी मुंबईची एक खेप करावी लागली.

या लशीवरून आमच्या घरी थोडे वादळ झाले. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवितात, आणि म्हणून ज्यास अंडे सोसत नाही त्यास ती देत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "अंडे खाल्ल्याने कधी त्रास झाला होता का?" आम्ही उत्तर दिले की कधी खाल्लेच नाही, तर त्रास होतो की नाही हे कसे सांगावे! डॉक्टर हसले, पण प्रश्न खरोखरीचा होता, आणि शाकाहारी घरांनी तो ध्यानात ठेवावा. अंगावर पित्त उठणे, धाप लागणे असे पूर्वी काही झाले असल्यास मोकळेपणाने सांगावे. साठी ओलांडलेल्यांना या लशीचा त्रास होण्याचा संभव थोडा अधिक असतो, म्हणून यजमानांची प्रकृती त्यांनी अधिक बारकाईने विचारली. घरी आल्यावर हे सारे सासूबाईंच्या कानांवर घालावे की नाही याचा मला विचार पडला होता. शेवटी सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "औषधाला विटाळ नसतो. पण मला आधी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं." त्यांचे म्हणणे मला पटले. वडीलधाऱ्यांपासून लपविण्याने त्यांचे सोवळे राहत नाही, फक्त आपल्यावरचा विश्वास जातो.

तिसरी गोष्ट सामानाची. लेकीच्या बाळंतपणास जावयाचे म्हणून जाऊबाईंनी डिंक, अळीव, सुंठ, खारीक आणि खसखस असे सर्व साग्रसंगीत काढून ठेवले होते. सुदैवाने मुलीने दूरध्वनीवरून वेळीच विचारले, "आई, विमान कुठून बदलता?" आमचे तिकीट प्रथम दुबईवरून काढावयाचे घाटत होते. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस ही त्या देशात अफूच्या झाडाची वस्तू म्हणून निषिद्ध आहे. ती सामानात सापडून माणसे तुरुंगात गेल्याचीही उदाहरणे आहेत. नंतर आम्ही मुंबईहून थेट जाणारे विमान घेतले, ते सुमारे सहा तासांत पोहोचते. तरी खसखस मात्र घरीच ठेवली, आणि डिंकाचे लाडू तिच्यावाचूनही चांगले झाले. ज्यांचा मार्ग आखातातून जातो त्यांनी नेहमीच्या औषधांचीही डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. रोपे, बी-बियाणे व ताजी फळे परवान्यावाचून नेऊ नयेत.

त्याहूनही आपल्या लक्षात न येणारी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. केनियाने २०१७ सालच्या ऑगस्टपासून, आणि टांझानियाने २०१९ च्या जूनपासून, या पिशव्यांस पूर्ण बंदी केली आहे, व केनियात त्यासाठी जबर दंडाची आणि कैदेचीही शिक्षा आहे. आपल्याकडे तर चिवड्यापासून चपलांपर्यंत सर्व काही अशा पिशव्यांत बांधण्याची सवय! आम्ही निघण्यापूर्वी सामान सोडून पुन्हा बांधले. लाडू, चकल्या, मेतकूट हे स्टीलच्या डब्यांत आणि कपडे जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्यांत. त्या पिशव्या तेथे इतक्या उपयोगी पडल्या की मुलीने त्या परत येऊच दिल्या नाहीत. विजेच्या भिंतीतल्या जोडणीस तेथे तीन चौकोनी दांड्यांची विलायती पद्धत आहे. तिचा जोड येथूनच घ्यावा. डॉलरच्या नोटा नव्या व स्वच्छ असाव्यात. जुन्या, फाटक्या किंवा मळक्या नोटा तेथे घेत नाहीत.

आता हवेविषयी. आफ्रिका म्हणजे रखरखीत ऊन, ही आमची कल्पना पहिल्याच रात्री नाहीशी झाली. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ खरी, परंतु ती महाबळेश्वराहूनही हजार फूट अधिक उंच आहे. जुलै व ऑगस्ट हे तेथील थंडीचे महिने. जाऊबाईंनी बळेच सामानात घातलेली शाल पहिल्या रात्रीच काढावी लागली. मोठा पाऊस मार्चपासून मेपर्यंत, आणि धाकटा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. दिवस आणि रात्र बारमाही जवळजवळ सारखी. सूर्य उगवण्याची वेळ वर्षभरात थोडीशीच हलते, त्यामुळे संध्येची वेळ पंचांगात पाहावी लागत नाही, असे यांनी कौतुकाने नोंदवून ठेवले. उलट ध्रुव मात्र तेथे क्षितिजावर येतच नाही. त्या भूमीवर लग्न लागले तर वधूवरांना ध्रुवदर्शन कसे घडवीत असतील, असा प्रश्न यांनी जावयांस विचारला. त्यांनी हसून सांगितले की भटजी बोट उत्तरेस दाखवितात व आहे असे समजावयास सांगतात.

भाषेची गंमत तर एकत्र कुटुंबातील माणसासच खरी कळावी. स्वाहिलीत बाबा म्हणजे वडीलच, परंतु मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! मुलीच्या घरी कामास येणाऱ्या बाईंना सर्व जण मामा म्हणत, आणि आमचे हे पहिले आठ दिवस त्या शब्दाने चपापत. नातू झाल्यावर मी बीबी झाले आणि हे बाबू. आपले कितीतरी शब्द त्या भाषेत जुन्या ओळखीचे भेटतात. पैशास पेसा, दुकानास दुका, विम्यास बीमा, मोटारीस गारी; चहा आणि चपाती तर जशीच्या तशी. तेथे २००७ सालापासून भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची जी पद्धत घरोघर गेली, तिच्या नावातही हा पेसाच बसला आहे. सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपलीच सफर. आणि किनाऱ्याकडे धाकटी माणसे वडील माणसास 'शिकामू' असे म्हणून अभिवादन करतात, त्याचा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरतो' असा आहे. हे ऐकून मला तो देश एकदम परका वाटेनासा झाला.

परंतु अर्धवट भाषा घातक, हेही आम्ही पाहिले. यांनी मोठ्या हौसेने एकपासून बारापर्यंत आकडे पाठ केले आणि एका मोटारवाल्यास स्वाहिलीत सांगितले, उद्या अकरा वाजता ये. तो पहाटे पाच वाजता दाराशी हजर! अवघडलेली मुलगी दचकून उठली, शेजारची कुत्री भुंकू लागली, आणि बिचारा मोटारवाला मात्र वेळेवर आल्याच्या समाधानात उभा. उलगडा असा की स्वाहिलीत तास मोजतात ते सूर्योदयापासून व सूर्यास्तापासून. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. आणि अकरावा म्हणजे पहाटेचे किंवा संध्याकाळचे पाच. इंग्रजीत बोलले तर आपलेच घड्याळ, स्वाहिलीत बोलले तर त्यांचे. आपली घटका आणि प्रहर मोजण्याची जुनी रीत तरी याहून वेगळी कोठे होती? मुहूर्त टळला तर काय होते हे आमच्या गावास सांगावयास नको; परळीच्या वैजनाथाशी ठरलेले लग्न वेळ टळल्याने मोडले आणि योगेश्वरी कुमारिकाच राहिली, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा वेळ ठरविताना दोनदा विचारावे, आणि 'सकाळचे' की 'संध्याकाळचे' हेही विचारावे.

खाण्याची काळजी आपल्या घरांत सर्वांत मोठी असते, पण तीच तेथे सर्वांत लहान ठरते. नैरोबीत गुजराती वस्ती तीन चार पिढ्यांची आहे. डाळी, मसाले, भाज्या सर्व मिळते. बाहेर खावयाची वेळ आली तर एक वाक्य पाठ करून ठेवावे: 'मिमी सिली न्यामा, समाकी, वाला मायाई', म्हणजे मी मांस, मासे किंवा अंडी खात नाही. नुसते मांस नको म्हटले तर मासा पुढे येण्याचा संभव असतो. मक्याच्या पिठाचा उगाली, राजम्यासारखे माहारागे, सुकुमा नावाची पालेभाजी, हे सर्व आपणांस चालण्यासारखे. मात्र फोडणी कशाची आहे तेवढे विचारावे. पिण्यास उकळलेले किंवा बाटलीबंद पाणीच घ्यावे. किनाऱ्याकडे नारळाच्या दुधात शिजविलेले म्बाझी मिळतात. ते म्हणजे दुसरे काही नसून आपली तूर! आफ्रिकेतील पूर्व किनाऱ्याच्या देशांतून तुरीची जहाजे आपल्याकडे येतात, हे आम्हां तूर पिकविणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसांस भावाच्या चढउताराने ठाऊक असते. तिची चव मात्र तेथे कळली.

एके दिवशी मी येथून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापीत होते. कामाच्या बाई पीठ बोटांत घेऊन म्हणाल्या, "म्तामा!" त्यांच्या माहेरी, व्हिक्टोरिया सरोवराकडे, त्यांची आजी हेच धान्य पेरीत असे. मी जावयांस विचारले, त्यांनी पुस्तके चाळून सांगितले ते ऐकून मी चकितच झाले. ज्वारीचे मूळ आफ्रिकेचेच. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती प्रथम लावली, आणि तेथून समुद्रावरून ती आपल्याकडे आली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. बीडच्या माणसाची भाकरी काढून घेतली तर त्याच्यापाशी काय उरते? ती भाकरी अशी सासरी आलेली. आणि आम्ही मात्र तिच्या माहेरच्या देशास जाताना विटाळाची आणि परकेपणाची धास्ती बाळगून होतो. त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त थापल्या. मामांनी एक तेथेच खाल्ली, एक पदरात बांधून लेकरांसाठी नेली.

शहरात वागण्याचे काही नियम आहेत. दिवसा भीती नाही. अंधार पडल्यावर पायी फिरू नये. अंगावर सोने घालू नये. मी मंगळसूत्र सासूबाईंपाशी ठेवून काळी पोत घालून गेले होते, आणि ते योग्यच झाले. पोलीस, सैन्य किंवा सरकारी इमारती यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि माणसांची घ्यावयाची तर आधी विचारावे. अरण्यात गेल्यावर मोटारीतून खाली उतरू नये. नैरोबीचे राष्ट्रीय उद्यान शहराला अगदी लागून आहे, १९४६ साली स्थापन झालेले. पाठीमागे शहराच्या उंच इमारती आणि पुढे चरणारे जिराफ, हे दृश्य अर्ध्या दिवसात पाहून घरी जेवावयास येता येते. मासाई माराचे प्रसिद्ध कळप पाहावयाचे तर जुलै ते ऑक्टोबर हा काळ. विषुववृत्ताच्या पाटीपाशी भांड्यातील पाणी या बाजूस एका दिशेने व त्या बाजूस दुसऱ्या दिशेने फिरते असे पैसे घेऊन दाखवितात. ते करमणूक म्हणून पाहावे, शास्त्र म्हणून मानू नये.

नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे. गणेशोत्सवात मराठी आरती ऐकून मला गहिवरून आले. जुन्या माणसांत अप्पासाहेब पंतांचे नाव अजून निघते. प्रजेच्या हाती राज्यकारभार देणाऱ्या औंधच्या राजांचे हे चिरंजीव १९४८ ते १९५४ या काळात भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीस होते, आणि तेथील स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यांशी स्नेह जोडल्याबद्दल इंग्रजांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. हिंदी लोकांचा तेथील इतिहास त्याहून जुना, आणि रक्ताचा आहे. मोंबासापासून आत जाणारी पहिली रेल्वे १८९६ ते १९०१ या वर्षांत इंग्रजांनी बांधली, त्यासाठी येथून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास रोगाने, अपघाताने आणि त्सावोच्या नरभक्षक सिंहांच्या तोंडी पडून मेले. शेजारच्या युगांडातून १९७२ साली सर्व हिंदी लोकांना नव्वद दिवसांत हाकलून दिले, तर केनियाने २०१७ साली हिंदी वंशाच्या नागरिकांना देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्य केले. पाहुण्याने हे सर्व मनाशी ठेवून बोलावे. चार दिवसांच्या ओळखीवर त्या देशास नावे ठेवू नयेत.

ही रेल्वे पाहण्याची यांना फार इच्छा. नातू महिन्याचा झाल्यावर मी बाळंतिणीपाशी राहिले आणि हे जावयांबरोबर तीन दिवस मोंबासास गेले. २०१७ साली सुरू झालेली नवी गाडी हे अंतर पाच सहा तासांत कापते. सामानाची तपासणी फार होते म्हणून स्थानकावर तासभर आधी पोहोचावे लागते. पोर्तुगीजांचा किल्ला पाहून, समुद्रस्नान करून हे आनंदात परतले, आणि चार दिवसांनी आम्ही मायदेशी निघालो.

आता ती राहून गेलेली गोष्ट. नैरोबीच्या उंचीवर हिवतापाचे भय थोडे. परंतु मोंबासाचा किनारा, व्हिक्टोरिया सरोवराचा प्रदेश, अशा सखल भागांत तो बारमाही असतो, आणि तो बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा असतो. त्यासाठी गोळ्या घेऊन जावे लागते. यांनी गोळ्या घेतल्या, अगदी नेमाने घेतल्या, परंतु मुंबईच्या विमानतळावर उतरताच बंद केल्या. "घरी आलो, आता कशाला?" असे हे म्हणाले, आणि मीही मान डोलावली. या गोळ्या डासास अडवीत नाहीत. डास चावून गेल्यावर आत गेलेल्या जंतूस रक्तात उतरताक्षणी मारतात. तो पुष्कळ दिवस यकृतात दडून बसतो. म्हणून परतल्यावरही काही जातीच्या गोळ्या सात दिवस, काही जातीच्या चार आठवडे चालू ठेवावयाच्या असतात. आमच्या चिठ्ठीवर तसे स्वच्छ लिहिले होते. आम्ही ते वाचले नव्हते, असेही नाही.

बाराव्या दिवशी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, यांना हुडहुडी भरून ताप आला. घरात सर्वांनी ठरविले की हवा बदलली, दगदग झाली. गवती चहाचा काढा झाला, तापाची गोळी झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. गावात डेंग्यूची साथ होती, रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या. डॉक्टरांनी डेंग्यू असावा असे म्हटले, आणि तसे म्हणण्यात त्यांची काही चूक नव्हती. कारण आम्ही आफ्रिकेहून आलो आहोत हे आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलेच नव्हते! साऱ्या गल्लीस नातवाचे पेढे वाटताना सांगितले, फक्त जेथे सांगावयास हवे होते तेथे सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे असंबद्ध बोलू लागले. जाऊबाईंना त्यांनी मामा म्हणून हाक मारली. मला वाटले, थट्टा करीत आहेत. मग डोळे पाहिले आणि माझे हातपाय गळाले.

तेवढ्यात मुलीचा दूरध्वनी आला. तिने बाबांची चौकशी केली, मी सांगू लागले, आणि माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच ती ओरडली, "आई, मलेरियासाठी रक्त तपासलं का? डॉक्टरांना सांगितलं का, मोंबासाहून आलेत म्हणून?" मामा तिच्यापाशीच उभ्या होत्या, तिकडे लहान मुलासही जे ठाऊक असते ते त्यांनी तिला ताप हा शब्द ऐकताच सांगितले होते. अर्ध्या तासात रक्ताचा थेंब काचेवर गेला आणि निदान झाले. गडचिरोलीकडच्या डॉक्टरास जे प्रथम सुचले असते ते आमच्याकडे सुचण्यास कारणच नव्हते. त्याच तासात शिरेतून आर्टेसुनेट सुरू झाले. हे औषध ज्या वनस्पतीपासून निघते तिचा गुण शोधणाऱ्या चिनी विदुषी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे मी नंतर वाचले, आणि वाचताना मनोमन हात जोडले. पाच दिवसांनी हे घरी आले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही सांगता आले नसते.

त्या रात्री सासूबाई देवापाशी बसून होत्या. दिवा वाढवून त्या मला म्हणाल्या, "लशीचं मला उशिरा सांगितलंत, आणि प्रवासाचं डॉक्टरला सांगितलंच नाहीत. तुम्हां शिकलेल्या माणसांना कुणाला काय सांगावं हे कसं ग कळत नाही?" यावर मजपाशी उत्तर नव्हते.

तेव्हा वाचक भगिनींनो, खसखस विसरलात तर लाडू होतील, आणि शाल विसरलात तर एखादी रात्र काकडत निघेल. परंतु परत आल्यावर तीन महिन्यांपर्यंत, आणि क्वचित त्याहूनही पुढे, ताप आला तर दवाखान्यात पाऊल टाकताच पहिले वाक्य हे बोला: आम्ही आफ्रिकेहून आलो आहोत, आधी मलेरियाचे रक्त पाहा. गोळ्यांचे वेळापत्रक देवघराशेजारी चिकटवून ठेवा आणि शेवटची गोळी संपेपर्यंत प्रवास संपला असे समजू नका. संध्याकाळी अंगभर कपडे घाला, मच्छरदाणीत निजा.

हे बरे झाल्यावर मी मामांशी दूरध्वनीवर बोलले. मला स्वाहिली येत नाही, त्यांना मराठी येत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "पोले साना." मुलीने अर्थ सांगितला: तुझे दुःख मला कळले. या दोन शब्दांस आपल्या भाषेत नेमका जोड मला अजून सापडलेला नाही. पुढच्या खेपेस जाईन तेव्हा त्यांच्यासाठी ज्वारीचे पीठ नेण्याचा विचार होता. मग आठवले की ते तर त्यांच्याच घरचे. आता शेंगदाण्याची चटणी नेणार आहे, स्टीलच्या डब्यात.